नांदगाव तिठ्यावरचे दगड

अनोळखी पुरुषाने भर रस्त्यात हात केला म्हणून गाडी थांबवू नये, ही शिकवण गौरजा नाईकधुरेला लहानपणीच मिळाली होती आणि ती योग्य शिकवण होती. त्या सकाळी नांदगाव तिठ्यावर तिने आपला पिकअप टेम्पो थांबवला तो पुढे आडव्या झालेल्या एका ट्रकमुळे, हात करणाऱ्या तरुणामुळे नव्हे. हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. कारण पुढे तो तरुण सगळ्यांना उलटेच सांगत आला.

देवगडचा रस्ता जिथे महामार्गाला मिळतो, तिथे एप्रिलच्या उन्हात डांबर तापले होते. तरुण खिडकीशी आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर असे हसू, की जणू त्या उन्हात उभे राहण्याचा त्याने हट्टच धरला होता.

"नमस्कार. गाडीत काय आहे?"

गौरजाने त्याला नीट न्याहाळले. पोलीस नव्हता. आरटीओचाही दिसत नव्हता. मग याला ही पंचाईत कशाला?

"दगड," ती म्हणाली.

"दगड." त्याने गंभीरपणे टॅबवर बोट टेकवले. "कुठून?"

"डोंगरातून."

"कुठे?"

"डोक्यात घालायला."

त्याचे बोट थांबले. ताडपत्रीखालच्या पेट्यांतून हापूसचा दाट, गोड वास खिडकीपर्यंत येत होता. त्याने क्षणभर डोळे मिटून तो ओढून घेतला.

"तुमच्या दगडांना... वास फार सुंदर आहे."

पुढचा ट्रक हलला. गौरजाने गिअर टाकला आणि मागे वळून पाहिले नाही. बाजूच्या आरशात मात्र पाहिले. तो अजून तिथेच उभा होता — टेम्पोचा नंबर टिपून घेत!

तेव्हाच तिच्या मनात संशयाने पाय रोवला.

*

संशय घेण्याचा तिला अधिकार होता. जामसंड्याच्या आंबा बागायतदार संघाचे अध्यक्ष अप्पा नाईकधुरे हे तिचे वडील, आणि संघाची पॅकिंगची सारी शेड गौरजाच्या शब्दावर चालत असे. गेल्या हंगामात एक गृहस्थ 'अभ्यासासाठी' आले होते. गोड बोलून, संघाचा शिक्का असलेल्या रिकाम्या पेट्या नमुना म्हणून घेऊन गेले. महिन्याभरात त्याच शिक्क्याच्या पेट्यांतून भलत्याच प्रांताचा आंबा बाजारात विकला गेला, आणि अप्पांना जुन्या गिऱ्हाइकांपुढे हात जोडावे लागले. वडिलांचे ते जोडलेले हात गौरजा विसरली नव्हती. तेव्हापासून अभ्यास हा शब्द कानी पडला, की ती आधी दाराला कडी आहे ना ते पाही.

आणि दोनच दिवसांनी तिठ्यावरचा तरुण शेडच्या दारात उभा राहिला.

"मी विश्वेश खानविलकर. राष्ट्रीय संयुक्त मालवाहतूक परिषदेकडून आलोय. आमचा इथे एक अभ्यास चालू—" त्याची नजर गौरजावर गेली आणि वाक्य अडखळले. "...दगड पिकले का?"

"कसले दगड?" अप्पांनी विचारले.

"काही नाही अप्पा. ऊन लागलंय त्यांना," गौरजा म्हणाली.

विश्वेश बसला आणि त्याने काम सांगितले. त्यांची परिषद रेल्वेची नव्हती, ट्रकवाल्यांची नव्हती, बंदराचीही नव्हती. या तिघांना एकमेकांशी बोलते करणे हा तिचा उद्योग. "माल एकदा कंटेनरमध्ये भरला की ट्रकने जावो, रेल्वेने जावो, नाहीतर बोटीने. वाहन बदलावं, पण वाटेत पेटी कुणी उघडू नये. हे देशाच्या वाहतूक धोरणात यावं म्हणून आम्ही दिल्लीला शिफारशी करतो."

"ऐकतं कुणी?" गौरजाने विचारले.

"फारसं नाही. पण पुराव्यासकट सांगितलं, तर कधी कधी ऐकतात."

त्याला पुरावाच हवा होता. जामसंड्याला भरलेला एक कंटेनर ट्रकने कणकवलीला न्यायचा, तिथून रेल्वेने दिल्लीला. आंबा धडधाकट पोचला, तर दर हंगामात कणकवलीहून आंब्याची खास रेल्वेगाडी सोडावी, अशी शिफारस होणार होती. अप्पांचे डोळे चमकले. घाटात अडकलेल्या ट्रकमध्ये शिजून गेलेला आंबा त्यांनी स्वतःच्या हातांनी खड्ड्यात पुरला होता.

"पेट्या मोजून जातील आणि मोजून उतरतील," गौरजा म्हणाली. "रिकामी पेटी एकही मिळणार नाही. आणि शेडमध्ये तुम्ही माझ्या नजरेसमोर राहायचं."

"आनंदाने!" तो म्हणाला.

इतक्या तत्परतेने होकार देणारा माणूस सरळ कसा असेल, असे गौरजाला वाटले.

*

पुढचे काही दिवस विश्वेश तिच्या नजरेसमोर राहिला. नजर मात्र हळूहळू बदलत गेली, आणि ते सर्वांत शेवटी गौरजाला कळले.

तो फार प्रश्न विचारी. पेटीत गवत किती, आंबा किती तयार असताना भरता, ट्रकवाला कुठे थांबतो. पेटी भरायला बसला, की गवताचा ढीग रचून ठेवी. शेडमधला जुना कामगार आणि टेम्पोचालक बाबली कपाळाला हात लावी.

"अवो सायबानू, आंब्याक गादी घालतास काय पलंग? झाकान खंय बसताला?"

"प्रवास लांबचा आहे, बाबलीकाका."

"आंब्याचो ना? माका वाटला, तुमीच पेटयेत बसान जातास!"

गौरजा हसू दाबत त्याच्या पेटीतले निम्मे गवत काढून टाकी. एकदा गवतात दोघांचे हात एकाच आंब्यावर आले. त्याने हात मागे घेतला — पण लगेच नाही.

"तुम्ही माझ्यावर सतत लक्ष ठेवता," तो हळूच म्हणाला.

"ठेवावं लागतं."

"कंटाळा नाही येत?"

"नाही," ती म्हणाली, आणि इतके चटकन म्हणाली की तिचे तिलाच कानकोंडे झाले.

संध्याकाळी पेट्यांवर ताडपत्री ओढताना बाबली पुटपुटला, "बाय, तेच्यार नजर ठेवतंस ता बरा करतंस. पण नजर ठेवताना हसतंस कित्याक गो?"

"कोण हसता? तू तुझा काम कर!"

बाबलीने काम केले. पण तोही हसतच होता.

शेवटच्या दिवशी आभाळ भरून आले. पावसाचे चार टपोरे थेंब पत्र्यावर वाजले आणि थांबले. चहा सांगून गौरजा परत येत होती तेव्हा शेडमध्ये विश्वेश एकटाच होता. त्याने इकडेतिकडे पाहिले. एका भरलेल्या पेटीचे झाकण उचलले, हात आत खोल घातला, काहीतरी ठेवले आणि झाकण पुन्हा बसवले.

गौरजा दाराआड थिजून उभी राहिली.

तो चहाला बाहेर पडताच तिने ती पेटी उघडली. आंब्यांच्या मध्ये काडेपेटीएवढी पांढरी डबी होती. तिच्यावर एक हिरवा ठिपका उघडझाप करत होता.

राग आला असता तर सोपे होते. तिला आला तो हुंदका. म्हणजे तो गवताचा ढीग, तो रेंगाळलेला हात, ते 'आनंदाने'... सगळे एवढ्यासाठी? आपला माल कुणाकडे जातो, कुठे उतरतो, हे चोरून पाहण्यासाठी? एकदा शिक्का चोरला, आता वाटच चोरणार?

तिने त्याला विचारायला हवे होते. शहाणी मुलगी विचारते. पण एकदा फसलेले घर आधी दार लावून घेते आणि मग चौकशी करते. गौरजाने तेच केले. कोपऱ्यात रुक्मिणीमावशीसाठी आंब्यांची पाटी भरून ठेवलेली होती. मावशी आरोंद्याला, पार गोव्याच्या वेशीवर राहत असे. दर हंगामात तिला पहिली पाटी जाई. गौरजाने डबी त्या पाटीच्या तळाशी खोचली.

"बघ म्हणावं आता, कुठे कुठे बघतोस ते!"

दुसऱ्या दिवशी कंटेनर कणकवलीच्या वाटेला लागला आणि बाबलीचा टेम्पो आरोंद्याच्या. कंटेनरबरोबर जाणारा विश्वेश पायरीवर घुटमळला.

"पोचलं की कळवतो."

"कशाला? तुम्हाला घरबसल्या सगळं दिसत असेलच," गौरजा म्हणाली.

त्याने चमकून तिच्याकडे पाहिले. ट्रकचा भोंगा वाजला, आणि जे बोलायचे ते राहून गेले.

*

पहिला फोन मावशीचा आला. "गो बाये, आंबे साखरेसारखे! पण तळाक ह्या काय पाठयलंस? काजव्यासारख्या लुकलुकता. शेजारीण म्हणता बाँब आसा. मी आपला तुळशीकडे नेवन ठेवलंय."

"रवांदे थंयच, मावशे. हात लावू नको."

मग विश्वेश स्वतः आला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. अप्पांनी पाणी दिले. ते त्याने हातात तसेच धरून ठेवले.

"आंबे दिल्लीला उत्तम पोचले, अप्पा. पण आमच्या यंत्राप्रमाणे ते पोचलेच नाहीत."

आणि मग त्याने ते सांगितले, जे आधीच सांगायला हवे होते. एका पेटीत नोंदयंत्र ठेवलेले असते. पेटी कुठे आहे, आत किती तापते, हे ते नोंदवते. कोणत्या पेटीत, ते भरणाऱ्यांना सांगायचे नाही, असा परिषदेचा नियम. सांगितले की लोक तेवढ्या एका पेटीला जावयासारखे जपतात आणि बाकीच्यांचे हाल कळत नाहीत.

"पण यावेळी ते यंत्र दिल्लीला गेलंच नाही. दक्षिणेला गेलं. इन्सुलीच्या तपासणी नाक्याजवळ दुपारभर उभं राहिलं, आणि मग आरोंदा. आमच्या संचालकांना वाटतं, मी खरी पेटी गोव्याला विकली आणि तिच्या जागी दुसरीच भरून पाठवली."

"अदलाबदल?" अप्पा उठून उभे राहिले. "पुन्हा आमच्याच शिक्क्याची?"

"तुमच्यावर काही येऊ देणार नाही. उद्या ओरोसला परिषदेची बैठक आहे. यंत्र माझ्या निष्काळजीपणानं भलत्याच सामानात गेलं, असं मी सांगणार आहे. मग माझी नोकरी नाही राहणार. आणि पुराव्याशिवाय आंब्याच्या गाडीची शिफारसही होणार नाही. त्याचं मला..." तो थांबला. एकदाच त्याने गौरजाकडे पाहिले. त्या नजरेत प्रश्न नव्हता, आरोपही नव्हता. ते असते तर तिने उत्तर फेकून मारले असते.

तिने मान खाली घातली.

तो गेल्यावर तिने बाबलीला गाठले. "इन्सुलीक दुपारभर काय करत होतंस?"

"भैणीकडे जेवलंय! नाक्याच्या बाजूकच तिचा घर. सुंगटाची कढी केल्लीन, मगे वायच डोळो लागलो. कित्याक गो?"

गौरजाला हसू आले आणि त्याच हसण्यात रडू फुटले. मग तिने अप्पांना सगळे सांगितले. खरे बोलावे, तर 'अध्यक्षांच्या लेकीनेच गाडी घालवली' असे अख्खे जामसंडे म्हणणार. गप्प बसावे, तर—

अप्पांनी सुपारी कातरायला घेतली.

"आमच्या पेटयेत दुसऱ्याचो आंबो घातलो, तेवा आमी किती बोंबाललो," ते म्हणाले. "आता आमची चूक दुसऱ्याच्या नावार घालूची?"

*

ओरोसच्या सभागृहात परिषदेच्या संचालक ऋता सबनीस समोर बसल्या होत्या. करड्या केसांच्या, शब्द मोजून वापरणाऱ्या बाई. विश्वेशने पाठ केल्यासारखे सुरू केले, "यंत्र हाताळण्यात माझ्याकडून—"

"खोटं आहे," मागून आवाज आला.

गौरजा उभी होती. बाजूला अप्पा, आणि तिच्या हातात ती पांढरी डबी. पहाटे बाबलीला आरोंद्याला पिटाळून तिने ती आणवली होती.

"ही मी काढली. शेडमध्ये, तुमचा कंटेनर निघायच्या आधी. माझ्या मावशीच्या पाटीत घातली. इन्सुलीला आमचा बाबली बहिणीकडे जेवून झोपला, म्हणून ती तिथे थांबली. गोव्याला काही गेलं नाही. पेट्या मी मोजून भरल्या आणि दिल्लीला तेवढ्याच उतरल्या आहेत."

"तुम्ही आमचा पुरावा नष्ट केलात," ऋताबाई म्हणाल्या.

"हो. आणि तुम्ही आमच्या घरात आम्हाला न विचारता डोळा ठेवलात. मी चुकले, ते कबूल करायला आले आहे. तुम्हीही चुकलात. ते कबूल करायला कोण येणार?"

ऋताबाईंनी समोरचा लॅपटॉप फिरवून यंत्राच्या नोंदी पाहिल्या आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"विश्वेश, हे यंत्र उजेडही नोंदवतं. पेटी शेडमध्येच दिवसाउजेडी उघडली गेली, हे इथे स्वच्छ दिसतंय. तेव्हा तुम्ही तिथेच होतात; कुणी उघडली, हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं असणार. मग हा भाग अहवालातून का गाळलात?"

विश्वेशने हातातला टॅब उलटा करून टेबलावर ठेवला. त्याचे कान मात्र लाल झाले.

गौरजा त्या लाल कानांकडे पाहत राहिली.

ऋताबाईंनी लॅपटॉप मिटला. "अहवालातला भाग गाळणं हा गुन्हा आहे, त्याबद्दल मी तुमच्याशी स्वतंत्रपणे बोलेन. नोकरीवरून काढण्याइतका तो आहे की नाही, ते पुढच्या कंटेनरवर ठरेल. हंगाम संपायच्या आत दुसरा कंटेनर जाईल. यंत्र या बाई स्वतःच्या हातानं ठेवतील, कुठल्या पेटीत ते त्या ठरवतील, आणि तुम्हाला सांगणार नाहीत. चालेल?"

"चालेल," गौरजा म्हणाली. "चांगलं चालेल."

*

बाहेर वळवाची सर कोसळत होती. पायऱ्यांवरच्या छपराखाली दोघे उभे राहिले. अप्पा मुद्दाम आतच रेंगाळले होते. बापाला कधी मागे राहावे ते कळले पाहिजे, आणि अप्पांना कळत होते.

"का नाही सांगितलंत?" गौरजाने विचारले.

"तुमचं नाव घेतलं असतं, तर जामसंड्यात मला पुन्हा कुणी पाणी दिलं नसतं."

"खरं कारण."

पागोळ्यांचे पाणी त्याच्या खांद्यावर पडत होते. तो सरकला नाही.

"तुम्ही स्वतःहून सांगाल का... असं एकदा मनात आलं होतं."

"म्हणजे माझीही परीक्षा!" तिचे डोळे पेटले. "मलाही पेटीत बसवून तापमान बघत होतात?"

"नाही! म्हणजे, तुम्ही सांगितलं नसतं, तरी मी सांगणार नव्हतोच. मग त्याला परीक्षा कसं म्हणणार?" त्याने खोल श्वास घेतला. "गौरजा, देशभर लोकांना एकच प्रश्न विचारत फिरतो मी. कुठून आलात, कुठे निघालात. तिठ्यावर तुम्ही 'डोक्यात घालायला' म्हणालात ना... तेव्हापासून मी स्वतः कुठे निघालोय, तेच मला आठवेनासं झालंय."

ती पावसाकडे पाहत राहिली. पावसाकडे पाहिले, की चेहरा कुणाला दिसत नाही.

"टेम्पोचा नंबर कशाला टिपून घेतला होतात?" तिने अचानक विचारले.

"सगळ्यांचाच घेतो. कामाचा भाग आहे."

"खरं कारण."

"...सगळ्यांचा घेत नाही."

गौरजाने ओठ घट्ट मिटले. तरी हसू निसटलेच. "मला चौकशी करावी लागेल. तुमचं घर, तुमची माणसं. तुमच्या गोड बोलण्यावर माझा विश्वास नाही."

"आनंदाने!" विश्वेश म्हणाला.

*

दुसरा कंटेनर गेला आणि पोचला. गौरजाने यंत्र कोणत्या पेटीत ठेवले, ते तिने विश्वेशला सांगितले नाही, आणि त्याने विचारले नाही. आंबा वाटेत कुठेही तापला नाही, हे यंत्राने सांगितले. मग कणकवलीच्या गाडीची शिफारस परिषदेने सही करून दिल्लीला धाडली. ती कधी मान्य होईल, ते दिल्लीला ठाऊक. विश्वेशला कडक समज मिळाली, नोकरी राहिली, आणि यंत्र कुठल्या पेटीत आहे ते माल भरणाऱ्याला सांगण्याचा नवा नियम त्याच्याच हातून लिहवून घेण्यात आला.

दिल्लीहून जामसंड्याला परत आलेले यंत्र परिषदेला द्यायच्या वेळी गौरजाने ते दिले नाही. "थोडे दिवस राहू दे," एवढाच तिचा निरोप आला.

जूनच्या सुरुवातीला, रजेवर दाभोळला आपल्या घरी आलेल्या विश्वेशच्या फोनवर, नकाशात, त्या यंत्राचा हिरवा ठिपका हलू लागला. जामसंड्याहून निघाला. नांदगाव तिठ्यावर क्षणभर थबकला आणि कणकवलीला जाऊन स्टेशनात उभा राहिला. मग रेल्वेच्या रुळांवरून उत्तरेला सरकू लागला. चिपळूणला उतरला, रस्त्याला लागला, आणि धोपाव्याला, दाभोळच्या समोरच, खाडीच्या काठाशी येऊन थांबला. विश्वेशने आईला हाक मारली, शर्ट बदलला, आणि शर्टाची बटणे लावत लावतच तो जेट्टीकडे धावत सुटला.

ठिपका आता पाण्यावर होता.

बारीक भुरभुर पडत होती. फेरीबोट धक्क्याला लागली. आधी छत्री उघडत अप्पा उतरले, आणि उतरताच त्यांनी जेट्टी, गाव, टेकडी, सगळे संशयाने न्याहाळायला सुरुवात केली. त्यांच्या मागून गौरजा आली. मोतिया रंगाची साडी, कपाळावर पावसाचे थेंब, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेली संघाच्या शिक्क्याची एक पेटी.

विश्वेश तिच्या वाटेत उभा राहिला. धाप लागलेली, एक बटण चुकलेले.

"नमस्कार. पेटीत काय आहे?"

"दगड," गौरजा म्हणाली.

"कुठून?"

"जामसंड्याहून."

पेटीतून हंगामाच्या शेवटच्या हापूसचा वास खाडीच्या ओल्या वाऱ्यात पसरत होता. त्याचा आवाज एकदम खाली आला.

"...कुठे?"

तिने त्याच्या चुकलेल्या बटणाकडे पाहिले. मग त्याच्याकडे पाहिले, आणि पेटी त्याच्या हातांत दिली.

"इथेच. पण माझ्यासमोर उघडायची."